पायातली माणसं

शिबिरात नगर बघायला जायचा विषय निघाला तेव्हा आपल्यातल्याच एकानं विचारलं, राजे-नबाबांचे दगड बघून आपल्याला काय करायचंय? आपण महाडला जाऊ, दीक्षाभूमीला जाऊ, कोरेगावला जाऊ. तिथं आपला इतिहास आहे. हे किल्ले-महाल त्यांचे.

प्रश्न रास्त आहे. पण "त्यांचे" हा शब्द मला खटकला. दगड कुणी वाहिले? चुना कुणी मळला? राजा काय डोक्यावर पाटी घेऊन चढला होता का? महाल "त्यांचा" म्हणून सोडून दिला की त्यात जिरलेला घामही आपण त्यांच्याच नावावर करून देतो. म्हणून मी म्हणतो, जा. बघा. पण गाईड सांगतो तेवढंच बघून परत येऊ नका.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात काम करतो. शाळा लवकर सुटली. इतिहास वाचला तो रद्दीच्या आणि लायब्ररीच्या पुस्तकांतून. सुटीच्या दिवशी, कधी खाडा करून, नगरचा कोट आणि त्याच्या भोवतालचा भाग पायी फिरलोय. २०२४ ला शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. चौंडीच्या धनगराच्या लेकीचं नाव आहे, आनंद आहे. पण एस.टी.त बसणारा माणूस आधीही "एक नगर द्या" म्हणायचा, आताही तेच म्हणतो. मीही नगरच लिहितो.

आधी एक गंमत. नगरपासून पाथर्डीच्या रस्त्याला, डोंगरावर, एक अष्टकोनी तीन मजली इमारत लांबूनच दिसते. सगळं गाव तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान ह्याची कबर आहे. कबरीचा महाल झाला, पुरुषाच्या जागी बाई आली, आणि शतकानुशतकं कुणाचं काही अडलं नाही. म्हणजे इतिहासात नावं बदलतात, नावं चिकटतात. मग आपलीच नावं तेवढी कशी कुठं चिकटली नाहीत?

दुसरी जागा बागरोजा. शहराच्या दिल्ली दरवाजाच्या बाजूला, सीनेच्या काठी. इथं शहर वसवणारा अहमद निजामशहा पुरलाय. १४९० ला भिंगारच्या ओढ्याजवळ त्यानं बहामनी फौज मोडली आणि पुढं इथंच राजधानी केली. त्याच्या बापाचं घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचं, असं फरिश्त्यानं लिहून ठेवलंय. म्हणजे धर्म बदलला तरी वरचे वरच राहिले. पण मला बागरोज्यात राजाची कबर बघायची नव्हती. तिथं एका हत्तीची कबर सांगतात. हत्तीचं नाव गुलामअली. १५६५ ला तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला ह्या हत्तीनं पकडून दिलं म्हणून त्याला हा मान.

दोस्तांनो, हत्तीवर माझा राग नाही. बिचारा मुका जीव, त्याचंही नाव गुलामच ठेवलेलं. पण हत्तीचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याची लढाई माहीत आहे, साल माहीत आहे. आणि तीनच वर्षं आधी जो कोट बांधून पुरा झाला, त्याचा एक दगड फोडणाऱ्या एका माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही.

आता त्या कोटाकडं चला. जुन्या शहराच्या पूर्वेला, भिंगारकडं जाताना लागतो. डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर, म्हणून भुईकोट. आधी इथं मातीचा कोट होता. हुसेन निजामशहानं १५५९ ते १५६२ ह्या काळात तो दगडात बांधून घेतला. गोल आकार, बावीस बुरुज, घेर मैलाच्या थोडा वर, आणि सगळ्याभोवती रुंद खंदक. लोक भिंत बघतात. मी खंदक बघतो. भिंत निदान दिसते तरी; खंदक म्हणजे काढून टाकलेली माती. एवढी माती काय वाऱ्यानं नेली? पाटीवर पाटी भरून, डोक्यावरून, काठावर चढवून टाकली माणसांनी. आमच्याकडं कापसाची गाठ फोडायला यंत्र आहे, तरी पाळी संपता संपता कंबर धरते. तीन-चार वर्षांत हा एवढा कोट उभा केला म्हणजे रोज किती हात लागले असतील ह्याचा हिशेब बसल्या बसल्या करून बघा.

त्या हातांची एकच खूण नगरमध्ये मला सापडली. कोटाजवळची दमडी मशीद. बाहेरून लहान दिसते. पण जवळ गेलात तर बघतच राहाल. मोठाले काळे दगड आणि त्यावरचं कोरीवकाम असं की लाकूड कोरावं. साहिरखानानं १५६७ ला बांधली. आणि नाव दमडी का? तर कोटाच्या कामावरच्या मजुरांकडून रोज एक एक दमडी जमा करून ती बांधली, असं सांगतात. दमडी म्हणजे पैशाचाही तुकडा. "फुटकी दमडी नाही" असं आपण म्हणतो, ती दमडी.

इथं मी बराच वेळ बसलो होतो. पहिल्यांदा छाती भरून आली. राजांच्या ह्या शहरात मजुरांच्या पैशाची एक इमारत आहे आणि तिच्या नावातच मजुरी आहे! मग गिरणीकामगाराचं डोकं चालायला लागलं. मजुरांनी दमडी दिली की त्यांच्याकडून घेतली? हजेरी मांडणाऱ्यासमोर "मी देत नाही" म्हणायची कुणाची टाप होती? मी आधी एका गिरणीत बदलीवर होतो. तिथं दर सणाला वर्गणीच्या नावाखाली आमच्या मजुरीतून कापून घ्यायचे. यादीवर "स्वखुशीने" असं लिहिलेलं असायचं. खाली आमच्या सह्या. आणखी चारशे वर्षांनी ती यादी कुणाला मिळाली तर तो लिहील, कामगार मोठे भाविक होते.

सालाचंही बघा. कोट १५६२ ला पुरा आणि मशीद १५६७ ची. मग पाच वर्षं दमड्या साठवल्या, का कोटाचं काम पुढंही रेंगाळत चाललं होतं, का ही गोष्टच नंतर कुणी रचली? गोष्ट रचली असली तरी मला ती महत्त्वाची वाटते. इमारत एवढी देखणी, ती साहिरखानाच्या नावानं ओळखली गेली असती. पण लोकांच्या तोंडी खान टिकला नाही, दमडी टिकली.

पाण्याचंही थोडं सांगतो. निजामशाहीनं नगरला खापरी नळानं पाणी आणलं. भाजलेल्या मातीचे नळ, जमिनीखालून, कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा बाजूंनी शहरातल्या हौदांत आणि बागांत सोडलेले. भिंगारच्या बाजूचा फराहबाग असाच तळ्याच्या मधोमध उभा केलेला महाल. त्या नळांचं कौतुक सगळी पुस्तकं करतात. करावंच, काम तसं आहे. पण १९२७ ला ज्यांना एका तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला त्यांच्या पोरांनी हौद बघितला की पहिला प्रश्न हाच विचारावा, ह्याच्या काठावर कोण उभं राहू शकत होतं?

कोटात शिरलं की चांदबिबीचं नाव निघतंच. १५९५-९६ ला मोगलांनी वेढा घातला तेव्हा तिनं हा कोट राखला. १६०० ला तिच्याच माणसांनी तिला मारलं आणि कोट मोगलांच्या हाती गेला. गाईड इथं थांबतो. निजामशाही मात्र थांबली नाही, आणि ती ज्यानं पुढं पंचवीस-सव्वीस वर्षं चालवली तो माणूस गुलाम होता. मलिक अंबर.

ह्या माणसावर आपल्या पोरांनी कविता लिहायला पाहिजेत. हबसाणात, आजच्या इथिओपियात, साधारण १५४८ च्या सुमारास जन्म. लहानपणीच विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडं, अरबस्तान, बगदाद करत करत दख्खनला आला. इथं त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान ह्यानं विकत घेतलं. हा चंगीझखानही हबशी, तोही गुलामीतून वर आलेला. नगरचा कोट पडल्यावर अंबरनं परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला आणि कारभार स्वतः हातात घेतला. १६१० ला खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीची मोजणी करून सारा बांधून दिला. १६२४ ला नगरजवळ भातवडीला त्यानं मोगल आणि आदिलशाही दोन्ही फौजा एकदम मोडल्या. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूनं होते, आणि राजांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. शत्रूच्या तळावर तळ्याचं पाणी सोडून चिखल केला आणि मग धरलं. भातवडी नगरहून फार लांब नाही. सायकलनं जाऊन या.

बादशहा जहांगीर आपल्या रोजनिशीत अंबरला त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या देतो. त्याच्या दरबारच्या चिताऱ्यानं, अबुल हसननं, एक चित्र काढलंय. बादशहा पृथ्वीच्या गोळ्यावर उभा राहून, भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतोय. चित्र आज आयर्लंडमध्ये डब्लिनच्या संग्रहालयात आहे. खऱ्या रणांगणावर ते मुंडकं बादशहाला कधी मिळालं नाही. अंबर १६२६ ला म्हातारा होऊन मेला. ज्याला हरवता येत नाही त्याला कागदावर मारायचं ही युक्ती आपल्याला नवी नाही.

पण अंबरला डोक्यावर घेतानाही भान ठेवा. एक गुलाम वर चढला म्हणून गुलामगिरी गेली नाही. अंबरच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होतेच. १९७२ ला आपल्या माणसांनी अमेरिकेतल्या काळ्या बंडखोरांकडून पँथर हे नाव घेतलं, तेव्हा एका काळ्या माणसाचं राज्य आपल्याच मातीत होऊन गेलंय हे किती जणांना ठाऊक होतं कुणास ठाऊक.

आता कोटाची दुसरी गोष्ट. राज्यं गेली आणि कोट तुरुंग झाला. नाना फडणीस इथं कैदेत होता. १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीनं शिंद्यांकडून कोट घेतला. मग इंग्रजांनी बोअर युद्धातले कैदी नगरला आणून ठेवले, पहिल्या महायुद्धात जर्मन ठेवले. आणि १९४२ च्या ऑगस्टात काँग्रेसचे बारा पुढारी. नेहरू, आझाद, पटेल, नरेंद्र देव, कृपलानी, आपले शंकरराव देव. १९४५ च्या मार्चपर्यंत. १९४४ ला नेहरूंनी पाच महिन्यांत इथं "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" लिहिलं. आझादांनी "गुबार-ए-खातिर"ची पत्रं लिहिली, आणि १९४३ ला त्यांची बायको कलकत्त्यात वारली तेव्हा ते ह्याच भिंतीआड होते. कैद ती कैदच. मी कुणाची टिंगल करत नाही. त्या खोल्या जरूर बघा.

पण त्या खोल्यांपुढं उभं राहून ह्या तारखा आठवा. ७ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर काँग्रेस समितीची बैठक सुरू झाली. त्याच ७ ऑगस्टला दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार ह्यांची संयुक्त परिषद भरली होती आणि अध्यक्षस्थानी होते नवे मजूरमंत्री, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दोन दिवसांनी पुढारी पकडले गेले आणि नगरच्या कोटात आले. आपल्याला शाळेत ह्यातली एकच गोष्ट शिकवतात. वर टोमणाही मारतात, की देश तुरुंगात होता तेव्हा तुमचे बाबासाहेब इंग्रजाच्या मंत्रिमंडळात होते. त्यांना सांगा, होते. आणि तिथं बसून त्यांनी जे केलं ते माझ्या पाळीच्या भोंग्यात रोज वाजतं. तोवर कारखान्यात आठवड्याला ५४ तासांपर्यंत काम घ्यायची कायद्यानं मुभा होती. १९४६ च्या दुरुस्तीनं ती बारमाही कारखान्यांसाठी ४८ वर आली. आपल्या पोस्टरवर नुसतं "आठ तास" लिहितात. कायद्यातली गोष्ट आठवड्याच्या ४८ ची आहे, आणि ती नीट माहीत असावी. कारण २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचा आकडा तसाच राहील म्हणतात. ज्यानं रिंगफ्रेमवर बारा तास उभं राहून तुटलेला धागा जोडलाय त्याला विचारा, आठवड्याचा हिशेब पायाला कळतो का ते.

आणखी एक. त्या अटकेच्या पावणेतीन वर्षं आधी, १६ डिसेंबर १९३९ ला, बाबासाहेब ह्याच जिल्ह्यात हरेगावला महार, मांग, वेठियांच्या परिषदेत वतनाविरुद्ध बोलले होते. वतन म्हणजे चतकोर भाकरीवर चोवीस तासांची वेठ. कोटाच्या दगडांत वेठ किती आणि मजुरी किती हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण वेठ ही चीज १९५८ च्या कायद्यानं वतनं जाईपर्यंत आपल्या आज्यांच्या मानेवर होती. ती काही निजामशाहीबरोबर गेली नव्हती.

आता शेवटची जागा, आणि माझ्या मतानं सगळ्यात मोठी. तिथं बुरुज नाही, घुमट नाही. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ ला नगरला काम सुरू केलं. सिंथिया फरार नावाची एकटी बाई १८२७ ला अमेरिकेहून मुंबईला आली होती. १८३९ ला ती नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. १८६२ ला इथंच वारली. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे तेव्हा नगरला नोकरीला होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी मिस फरारची शाळा बघितली, पुण्याला परत गेले आणि १८४८ ला मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही मास्तरकीचे धडे ह्याच बाईकडं घेतले असं सांगतात. भिडेवाड्याबद्दल आपण भांडलो, भांडायलाच पाहिजे होतं. पण भिडेवाड्याकडं येणारी वाट नगरहून निघते हे आपल्या भाषणांत येत नाही.

त्याच मिशननं १८४२ ला नगरहून "ज्ञानोदय" हे पत्र काढलं. पुढं ते मुंबईला गेलं. आणि ह्याच "ज्ञानोदया"त १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चात, दोन भागांत, पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या एका मांगाच्या पोरीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाविषयी. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर मग आमचा धर्म कोणता, असं ती त्या काळात छापील कागदावर विचारते. आपण जे दलित साहित्य म्हणतो त्याचा जन्म लोक १९५८ च्या मुंबईच्या संमेलनापासून मोजतात. मी तो ह्या पोरीपासून मोजतो. नगरहून निघालेल्या शाळेच्या वाटेवर ती शिकली आणि नगरहून निघालेल्या पत्रात ती छापली गेली. जोतीरावांनी १८७३ ला "गुलामगिरी" लिहिली आणि काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तेव्हा त्यांच्यापुढं अमेरिकेची कुठली माणसं असतील? नगरची ती शाळा त्यात असणारच, असं माझं मन म्हणतं.

मिशनचं सगळंच गोड होतं असं नाही. धर्मांतराचा हिशेब त्यांच्याही वहीत होताच. पण नगर जिल्ह्यातल्या हजारो महार-मांगांना पाटी-पेन्सिल पहिल्यांदा तिथं मिळाली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज ख्रिस्ती म्हणून जगतात आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या यादीबाहेर आहेत. बौद्धांना १९९० ला त्यात घेतलं, त्यांना नाही. गावकुसाबाहेरचं घर तेच, मसणवट्याची भांडणं तीच, फक्त दाखला वेगळा. नगरला गेलात तर त्या वस्तीत चहा प्यायला बसा. ती आपलीच माणसं आहेत.

मुक्ताच्या निबंधात एक जागा आहे, म्हणून तर मी हे सगळं लिहायला बसलो. ती लिहिते की मांग-महारांना त्यांच्या जमिनीवरून हाकलून त्यावर मोठ्या लोकांनी इमारती बांधल्या, आणि त्या इमारतींच्या पायात मांग-महारांनाच तेल-शेंदूर पाजून पुरत असत. हे सगळं पेशवाईतलं. चौदा वर्षांच्या पोरीनं घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. नगरच्या कोटाखाली असं कुणाला पुरलं असं मी म्हणत नाही. पण ती वाक्यं वाचल्यापासून मला कुठलीच जुनी भिंत नुसती भिंत दिसत नाही.

जाताना बागरोजा आधी करा, मग शहर ओलांडून कोट, मग दमडी मशीद. भातवडी आणि सलाबतखानाची कबर दुसऱ्या दिवशी. कोट बरीच वर्षं लष्कराच्या हाती राहिलेला, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा आणि दरवाजावर हुज्जत घालू नका. आणि मुक्ताच्या निबंधाची झेरॉक्स बरोबर न्या. लहान आहे. दमडी मशिदीबाहेर झाडाखाली बसून एकानं मोठ्यानं वाचला तर अर्ध्या तासात होतो.